दादाची नऊ पेडलं

माझा दादा अनवाणी गिटार वाजवायचा. अंगात कोट असो नाहीतर काही असो, स्टेजवर चढला की बूट काढून बाजूला ठेवणार म्हणजे ठेवणार. पायाशी एक फळी आणि तिच्यावर ओळीनं नऊ पेडलं. एक दाबलं की आवाज फाटायचा, दुसऱ्यानं घुमायचा, तिसऱ्यानं मागे रेंगाळत राहायचा. बूट घालून पेडल दाबणं म्हणजे हातमोजे घालून तारा छेडणं, असं तो म्हणायचा. ती फळी मी बनवलेली. लोकांची गिटारं आणि अँप्लिफायर दुरुस्त करणं हा माझा धंदा, आणि या कामात माझा हात धरणारा कोणी नाही, असं मी जिथंतिथं सांगत फिरायचो. आता नाही फिरत.

शुगरनं त्याच्या तळपायांतली जाण कधी नेली, याची त्यानं कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. मला ते कळलं गाण्यात. एका कार्यक्रमात, तो जिच्या साथीला असायचा ती गायिका अगदी कुजबुजल्यासारखी गात होती आणि दादानं रेंगाळणाऱ्या आवाजाच्या जागी फाटका आवाज दाबला. पुढच्या कार्यक्रमात पुन्हा तेच. तिसऱ्यांदा झालं तेव्हा गायिकेनं मला बाजूला घेऊन विचारलं, तुझा भाऊ प्यायला लागलाय का? दादाला विचारलं तर म्हणाला, हो म्हणून सांग तिला. पायाचं कळण्यापेक्षा ते बरं वाटलं त्याला!

मी म्हटलं, फळी सोड, रॅक करू. रॅक म्हणजे कमरेएवढी लोखंडी चौकट. सगळी यंत्रं तिच्यात एकावर एक घट्ट बसवायची, प्रत्येक गाण्याचे आवाज आधीच जुळवून त्यांना नंबर द्यायचे. त्यानं नुसतं वाजवायचं, मी स्टेजच्या कडेला बसून नंबर दाबणार. बदल हवा असला की त्यानं माझ्याकडे एकदा बघायचं, बस. तो असा भडकला की विचारू नका. म्हणाला, माझा आवाज मी दुसऱ्याच्या हातात देऊ? मी दुसरा! लहानपणी याची गिटार पाठीवर घेऊन याच्या मागून कोण चालायचं? मीही तोंडाला येईल ते बोललो. त्याच आठवड्यात फळीखालचा पॉवर सप्लाय, पेडलांना वीज देणारा डबा, गुरगुरायला लागला. तो बदलून दिला मीच, एका दुपारी, डोक्यात राख घालून.

दोन महिन्यांनी वहिनीला चादरीवर रक्ताचा डाग दिसला आणि दादाच्या उजव्या तळव्याला जखम. डॉक्टरांनी तिला आधीच बजावलं होतं, रोज संध्याकाळी यांचे तळवे उजेडात बघत जा. ती बघायचीही. पण लागोपाठ कार्यक्रम असले की ते दिवस सुटायचे, तो मोजे घालून तसाच झोपायचा. डॉक्टर म्हणाले, काहीतरी टोकदार आहे, ते एकाच जागी पुन्हापुन्हा टोचलंय. ते शोधा, नाहीतर दुसरा पायही जाईल. वहिनीनं घर पालथं घातलं. पायपुसणं फेकलं, गुडघ्यांवर बसून सगळ्या फरशीवरून हात फिरवला, त्याच्या प्रत्येक बुटात बोटं घालून चाचपलं. काही सापडलं नाही. तोवर विष चढलं होतं. उजवं पाऊल अर्धं कापलं.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वहिनी एकच सांगायची, माझंच चुकलं. दादा भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. आठव्या दिवशी मला म्हणाला, बनव तुझा रॅक.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात फळी टेबलावर घेतली आणि एकेक पेडल उचकटायला लागलो. फळीला वरून काळं वेल्क्रो लावलेलं. तिसऱ्या आणि चौथ्या पेडलच्या मधे मोकळी जागा, तिथं पंजा टेकून तो आपल्या वेळेची वाट बघत उभा राहायचा. त्या जागी वेल्क्रो कडक लागलं. बोट फिरवलं तर टोचलं.

फळी उलटी करण्याआधीच मला कळलं होतं. पॉवर सप्लाय बसवताना आखूड स्क्रू संपले होते आणि मी हाताला आले ते लांब घातले. वरून हात फिरवून बघितला नाही. गिऱ्हाइकांना मी हेच घसा फोडून सांगतो, स्क्रू मारला की पलीकडून हात फिरवा म्हणून. दार लावून घेतलं आणि रडलो, खोटं कशाला बोलू.

मग रॅक बनवला. असा बनवला की आयुष्यात तसा बनवला नव्हता, प्रत्येक स्क्रूचं टोक कानशीनं घासून. तीन आठवडे लागले, आणि तीन आठवडे मी गप्प बसलो. सांगितलं तर भाऊ तुटणार. नाही सांगितलं तर वहिनी जन्मभर स्वतःला खात बसणार. रोज ठरवायचो आणि रोज तिच्या हातचा चहा पिऊन परत यायचो.

पहिली तालीम त्यांच्याच पुढच्या खोलीत झाली. दादा खुर्चीत, पायाला बँडेज. मी रॅकपाशी. त्यानं माझ्याकडे बघितलं की मी नंबर दाबायचा. दोन गाणी झाली. ना गुरगुर, ना चूक. दादा म्हणाला, चांगला आहे आवाज. माझा नाही, पण चांगला आहे. मग म्हणाला, ती फळी घरी आणून ठेव, फेकू नकोस.

वहिनी दारात उभी होती. म्हणाली, "भाऊजी, काल पुन्हा सगळा उंबरठा चाचपला मी. एवढं रोज बघत होते, मला दिसलं कसं नाही हो?"

"वहिनी, घरात नव्हतंच ते. फळीत होतं. मी लांब स्क्रू मारला होता."

खिशात तीन आठवडे बाळगलेला स्क्रू मी तिच्यापुढे धरला. तिनं तो घेतला, टोकावर अंगठा दाबून बघितला. बराच वेळ दाबून धरला. मग मुठीत घेऊन आत गेली. आतून नळ सोडल्याचा आवाज आला, आणि तो बंद झाला नाही.

मी म्हटलं, दादा, शिव्या दे, मार मला. त्यानं तारा जुळवल्या आणि तिसरं गाणं सुरू केलं. गायिका कुजबुजते ते गाणं. बदलाची जागा जवळ येत होती, मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. जागा आली. त्याचं बँडेज बांधलेलं पाऊल फरशीवरून उचललं गेलं, जिथं आधी पेडल असायचं तिकडे सरकलं आणि खाली आलं.

मी नंबर दाबला. त्यानंतर रोज मी त्याच्या पायाकडे बघूनच दाबतो.