दिवा लागला आणि मी आरपार झालो

मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमचा काडीचाही विश्वास बसणार नाही. नका ठेवू. माझ्यावर कोणीच ठेवत नाही, पण माझ्यात डोकावल्याशिवाय या दारातून बाहेरही कोणी पडत नाही.

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. समुपदेशन केंद्राच्या या बाहेरच्या खोलीत, तुमच्या बाकासमोर टांगलेला. तुमची आई किंवा बाबा आत बोलत असतात, तोवर तुम्ही मला जीभ काढून दाखवता, पडायला आलेले दात हलवून बघता. हलवा. ही दोन वेण्यांची मुलगी मात्र मघापासून आतल्या बंद दाराकडे बघत बसली आहे. बाळ, तूही ऐक.

माझा जन्म काचेच्या भट्टीतला. आग अशी, की शेजारच्या कोंबड्या थेट उकडलेली अंडी घालत. खोटं वाटतं? कोंबड्यांना विचारा. त्या आगीतून मी निघालो तो दुतोंडी! एका बाजूनं आरसा, दुसऱ्या बाजूनं खिडकी. मला आतल्या भिंतीत बसवलं. माझ्यापुढे उजेडाची खोली, तिथे दोन खुर्च्या आणि पाण्याचा तांब्या. माझ्यामागे अंधारी खोली. उजेडात बसलेल्याला माझ्यात स्वतःचं तोंड दिसे, अंधारात बसलेल्याला पलीकडचं सगळं. अट एकच होती. अंधाऱ्या खोलीत दिवा लावायचा नाही. म्हणून तिथल्या बटणावर चिकटपट्टी लावलेली असे.

अंधारात बसत मोठ्या बाई. त्या मानसशास्त्रज्ञ. लोकांच्या मनावरचं ओझं ऐकून घ्यायचं काम समुपदेशक करतात. पण नुसतं एम.ए. झालं म्हणजे ते काम येतं असं नाही. आमच्या केंद्रात शिकणाऱ्यांना बाईंच्या नजरेखाली शंभर तास ऐकावं लागे, तेव्हा कुठे परीक्षा आणि परवाना. तास संपला की बाई म्हणत, "आज सात वेळा सल्ला दिलास. त्यांनी एकदा तरी मागितला होता का गं?" पोरी रडत, पण शिकत. माझी काच मात्र बाई स्वतःच्या रुमालानं पुसत. काय ते दिवस!

त्या शिकणाऱ्यांत एक होती गप्पूताई. बोलायची कमी म्हणून हे नाव. तिचे नव्याण्णव तास झाले होते. एका शाळेत नोकरी तिची वाट बघत होती. शंभराव्या तासाला तिची परीक्षा होती, आणि नापास झाली असती तर पुन्हा पहिल्या तासापासून सुरुवात.

तिच्यासमोर बसायचे शिंपीकाका. चार मंगळवार ते फक्त काज आणि बटणं यांवर बोलले. गप्पूताई ऐकत राहिली. पाचव्या मंगळवारी परवाना समितीचे तिघे मानसशास्त्रज्ञ आले आणि बाईंच्या शेजारी अंधारात बसले.

काकांनी तांब्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "ताई, एक गोष्ट आहे. घरात कुणालाच माहीत नाही."

आणि नेमकं तेव्हाच, मित्रांनो, समितीच्या जाड चष्मेवाल्या अध्यक्षांना गुणपत्रिकेतल्या चौकटी दिसेनात. त्यांनी चिकटपट्टी सोलली आणि खटकन बटण दाबलं!

आठवलं की अजून माझ्या काचेला झिणझिण्या येतात. क्षणात मी आरपार झालो. जिथे काकांना स्वतःचं तोंड दिसत होतं, तिथे चार तोंडं उगवली. एक जण बिस्किट खात होता. ते तोंडातच राहिलं.

काका ताडकन उठले. "हे कोण? एक बाई बघतील म्हणाला होतात, त्याला मी हो म्हटलं. ही तर अख्खी पलटण आहे!"

गप्पूताईचा चेहरा पांढराफटक पडला. "बाईंनी तुम्हाला विचारलं असेल, असं मी धरून चालले. मी स्वतः विचारायला हवं होतं. माफ करा, काका."

मग तिनं जे केलं, त्यानं मी थक्क झालो. परीक्षक डोळे फाडून बघत असताना तिनं खांद्यावरची जाड लोकरीची शाल काढली आणि माझ्यावर टाकली. माझं पुढचं तोंड बंद! मग आवाज अंधाऱ्या खोलीत नेणाऱ्या माइकची वायरही उपटली.

मागचं तोंड मात्र उघडं होतं, तेव्हा हे अगदी खरं सांगतो. अध्यक्ष लालबुंद झाले. "परीक्षा हिची, आणि पडदा आमच्यावर? न बघता परवाना कसा देणार? शून्य!"

मोठ्या बाई खाली बघत म्हणाल्या, "साहेब, काकांना विचारायचं काम माझं होतं. तुम्ही येणार या गडबडीत मी विसरले. दिवा तुम्ही लावलात. त्या माणसाची लाज कोणी राखली? तिनं एकटीनं. शून्य द्यायचंच तर आपल्या चौघांना द्या."

बिस्किट गिळल्याचा आवाज मला ऐकू आला. अध्यक्ष बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग त्यांनी पत्रिकेतल्या एकाच चौकटीत पूर्ण गुण दिले. 'समोरच्याचा विश्वास जपते.' बाकीच्या रिकाम्या ठेवल्या. पुढच्या मंगळवारी, काकांना विचारून, ते एकटेच आले आणि त्या भरल्या. गप्पूताई पास झाली!

पुढे माझी जागा कॅमेऱ्यानं घेतली. माझ्या पाठीला काळा रंग फासला आणि मला इथे टांगलं. आता रुमाल नाही, नुसती धूळ. पण त्या दिवशी शालीपलीकडे काय झालं, ते जगात फक्त मला ठाऊक आहे! जवळ या. काकांच्या डोळ्यांतून बटणाएवढे टपोरे थेंब पडत होते. त्यांनी खिशातून निळ्या दोऱ्याचं एक रीळ काढलं आणि म्हणाले... म्हणून सांगतो मित्रांनो, दुसऱ्याचं गुपित काचेसारखं जपावं, कारण मी त्या दिवशी या डोळ्यांनी बघितलं की...

"ओ आरसेआजोबा!" दोन वेण्यांची मुलगी उभी राहिली होती. तिनं एकदा बंद दाराकडे बघितलं आणि माझ्यासमोर येऊन कमरेवर हात ठेवले. "तुमच्या तोंडावर तर शाल होती ना? मग दिसलं कसं? काहीतरीच सांगताय! काका काय बोलले, ते तुम्हालासुद्धा माहीत नाही!"