जुळाऱ्याची ओळ

केरबानं जुळणीच्या पट्टीत शेवटच्या अक्षराचा खिळा बसवला, ओळ अंगठ्यानं दाबली आणि पानाच्या तळाशी उरलेल्या मोकळ्या जागेकडं पाहून तोंड वाकडं केलं. गोष्ट संपली होती आणि पान उरलं होतं. दोन बोटं जागा. दुसरा जुळारी असता तर तिथं शिशाचं एक फूल ठोकून चहाला गेला असता. केरबाला त्या फुलांचा मनापासून तिटकारा. पस्तीस वर्षं तो असल्या जागेत एक ओळ स्वतःची घालत आला होता, आणि कुणाच्या बापाला कळलं नव्हतं.

लेखक मंडळी पुस्तक हातात आलं की आधी मुखपृष्ठावरचं नाव बघत, मग मागचा फोटो, मग अर्पणपत्रिकेत बायको आली का ते. शेवटची ओळ कोण वाचतो? नांदेडच्या एका कादंबरीकाराची नदीत बुडालेली नायिका केरबानं पुलाच्या पलीकडं जिवंत काढली होती आणि तेवढ्या शेवटापायी त्या गृहस्थाला शाल मिळाली होती. निदान केरबा तरी असं सांगे. तो असंही सांगे की गोदावरीच्या पुरात खिळ्यांचे खण वाहून गेले, आणि घाटाला अडकलेला एक खण उचलून पाहतो तर आत अख्खी लग्नपत्रिका आपोआप जुळलेली. ते लग्न पुढच्या वैशाखात लागलं. केरबा स्वतः जेवून आला.

लातूर जिल्हा झाला त्याला चार वर्षं झाली होती. प्रत्येक कचेरीला नव्या नावाचे कागद हवे होते, म्हणून अण्णारावांनी इथं छापखाना टाकला आणि केरबाला नांदेडहून बोलावून घेतलं. कागद आले, पाऊस आला नाही. नळाला आठ दिवसांनी पाणी, तेही गढूळ. "या जिल्ह्यात आता लेखकच तेवढे उगवून राहिले," असं अण्णाराव म्हणत आणि आलेल्या प्रत्येकाला उदयोन्मुख म्हणून छापत. केरबा मात्र थकला होता. दोन बोटं जागा भरायचाही त्याला आताशा शीण येई. तरी हात सवयीचे. त्यानं ओळ जुळवली, पान बांधलं, प्रूफ काढलं.

शनिवारी दुपारी पंचशीला आली. रेणापूरच्या शाळेत शिकवणारी, तिशीच्या आतली बाई. गोष्टींचं हे पहिलंच पुस्तक. एस.टी.त उभ्यानं आल्यामुळं चेहरा उतरला होता. कुणी म्हणायची वाट न पाहता ती माठाकडं गेली, अर्धाच पेला पाणी घेतलं, माठावर झाकण नीट ठेवलं आणि कागदाच्या गठ्ठ्यावर बसून प्रूफ वाचायला लागली. पेन्सिल धरून, ओळीखाली बोट फिरवत. असं कुणी वाचलेलं केरबानं पाहिलं नव्हतं. त्याला उगाच खोकला आला.

"मामा, ही ओळ माझी न्हाई."

केरबानं मान वर केली नाही. "कोणती?"

तिनं मोठ्यानं वाचलं. "'आईनं रिकामी घागर डोक्यावर घेतली आणि भरल्यासारखी सावकाश चालू लागली.' इथं माझी गोष्ट संपली. आन् खाली हे काय? 'तेवढ्यात विहिरीवरून एका माणसानं हाक मारली आणि तिची घागर काठोकाठ भरून दिली.' कोण हा माणूस?"

"पान मोकळं दिसत होतं, बाई. वाचणाराला जरा बरं वाटतं."

"माझ्या आईला वाटलं असतं का?"

गोष्ट तिच्या आईची होती, सरजाबाईची. बहात्तर सालच्या दुष्काळात वस्तीतला आड आटला, म्हणून सरजाबाई गावाच्या विहिरीवर गेली. दोराला हात लावायची सोय नव्हती. लांब उभं राहायचं आणि कुणी वरून ओतलं तर घ्यायचं. सकाळपासून ऊन डोक्यावर येईतो ती उभी राहिली. गावानं आपापलं पाणी भरलं आणि गाव घरी गेलं.

"तिची चाल पाहून वस्तीतल्या बाया पेले घेऊन धावल्या होत्या," पंचशीला म्हणाली. "घागरीत वाकून पाहिलं तवा कळलं."

अण्णाराव टेबलामागून हसले. "घ्या की हो बाई, फुकटात शेवट गोड झाला! बक्षीस देणाऱ्यांना गोड शेवट लई आवडतो."

"मालक, थांबा जरा," केरबा म्हणाला. आता गोष्ट त्याच्या अंगणात आली होती. "बाई, खोटं न्हाई लिहिलं म्या. बहात्तरलाच मी नांदेडहून गावाकडं गेलतो, अहमदपूरच्या अंगाला. आमच्या हिरीवर बी अशीच एक बाई उभी. सगळे नुसते बघून राहिले. म्या बादली वढली, ही एवढी, आन् कुणाकडं न बघता धाडकन तिच्या घागरीत!"

हे त्यानं शंभरदा सांगितलं होतं. सांगता सांगता बादली वाढली होती. आता ती उचलायला दोन गडी लागले असते. दोन्ही हात हवेत तसेच धरून तो थांबला. इथं ऐकणारे नेहमी "वा" म्हणत.

पंचशीलानं सगळं ऐकून घेतलं. मग प्रूफातलं पहिलं पान काढून मांडीवर घेतलं.

"ओतलं म्हणता ना? मग राहू द्या ती ओळ. कुणी ओतलं असंल तर मला का नको वाटंल? फक्त त्या बाईचं नाव सांगा. अर्पणपत्रिकेत आईच्या शेजारी टाकते."

केरबानं तोंड उघडलं.

दीडशे उंबऱ्यांचं गाव. कुणाच्या बैलाचं नाव काय हेसुद्धा त्याला पाठ होतं. एखादं नाव सांगायला असा कितीसा वेळ लागणार? समोरच्या खणांत हवी तेवढी अक्षरं पडली होती. त्याचा उजवा हात खणापर्यंत गेला, खिळ्यांत बोटं बुडाली आणि तशीच वर आली. डावा हात मात्र अजून हवेत होता, कडी धरल्यासारखा. तो त्यानं खाली घेतला आणि धोतराला पुसला.

"नाव न्हाई ठाऊक."

पंचशीलानं अर्पणपत्रिकेचं पान पुन्हा प्रूफात ठेवलं.

"बादली हातात होती," केरबा म्हणाला. "थोरला भाऊ बघत होता. बैलांच्या पाण्याच्या डोणीत ओतली, बाई."

अण्णाराव चष्मा पुसायला लागले. पंचशीलानं पेन्सिलीनं ओळीवर एक सरळ रेघ मारली.

"मग ही गोष्ट तुमची हाय, मामा. तुम्ही लिहा. माझ्या पानात नको."

प्रूफाच्या कोपऱ्यात सही करून तिनं पिशवी उचलली. रेणापूरच्या गाडीची वेळ झाली होती.

केरबानं पान सोडवलं. चिमट्यानं एकेक खिळा उचलून तो ज्याच्या त्याच्या खणात टाकू लागला. ज्या कामाला डोळे लागत नसत, त्याला आज अर्धा तास लागला. अण्णाराव येऊन मागं उभे राहिले.

"दोन बोटं जागा उरली की, केरबा. एखादं फूल टाक. पान उघडं दिसून राहिलं."

केरबानं छापात न उमटणाऱ्या कोऱ्या शिशाच्या पट्ट्या बसवल्या आणि पान पुन्हा आवळलं.

"राहू द्या, मालक," तो म्हणाला. "तिथं काही झालंच न्हाई."