हिशोबाची मशीन

पुण्याच्या स्टुडिओवाल्याने आबांना सांगितलं, "आजोबा, ओवी सहा मिनिटांत बसवा. आणि जरा तालात या."

तालात या! माझे आजोबा हरिबा पोरवयापासून धनगरी ओवी गाणारे. त्यांच्यामागे झील धरताना, म्हणजे त्यांची ओळ मागून घोळवताना, भल्याभल्यांची दमछाक व्हायची. आबा नुसते पायताण घालून बाहेर पडले. मी मात्र बोलले, आणि जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्याच दिवशी मी ठरवलं, कॉम्प्युटर आपणच घ्यायचा आणि आबांची अडीच तासांची ओवी आपल्या घरात, इनामगावात, अख्खी उतरवून घ्यायची. २००३ साल होतं. मी शिरूरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते, त्यामुळे रॅम कशाला म्हणतात एवढं मला कळत होतं. घाई होती ती वेगळ्या कारणाने. आदल्या हिवाळ्यात आबांच्या छातीत पाणी झालं होतं आणि डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांनी पुरी ओवी एकदाही म्हटली नव्हती. दुसऱ्या कुणाला ती येत नव्हती. म्हाळूमामा चाळीस वर्षं त्यांच्यामागे झील धरत आले, पण त्यांनाही फक्त मागचंच ठाऊक.

मी म्हटलं, "आबा, तुकड्यातुकड्यानं म्हना, मी जोडते."

"ओवी काय मटान हाय व्हय, वाटं घालाया?" आबा म्हणाले. विषय संपला.

आबांनी सात मेंढरं विकली होती, तेवढ्यातच बसवायचं होतं. आबा, म्हाळूमामा आणि मी गावातल्या एका जीपने दौंडला गेलो. स्टेशनाजवळ गनीशेठचं नव्याजुन्या कॉम्प्युटरचं दुकान होतं. त्यांनी लगेच एक काळाकुळकुळीत नवा सेट पुढे केला. पाच स्पीकर, पुढे निळा दिवा.

"गाण्यासाठी पायजे ना? मग हीच. आवाज ऐक." त्यांनी आवाज असा सोडला की बाहेरचा रिक्षावाला वळून बघायला लागला.

"मला आवाज बाहेर काढायचा न्हाई, आत घ्यायचाय," मी म्हटलं. "हिच्यात रॅम किती हाय?"

गनीशेठनी माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मेंढीच बोलली. रॅम सांगितली, ती मला लागत होती त्याच्या निम्मीच निघाली. मग कोपऱ्यात पिवळट पडलेली एक जुनी पेटी होती, तिच्यावर मी बोट ठेवलं. रांजणगावच्या कुठल्याशा कंपनीच्या ऑफिसातून निघालेली. रॅम दुप्पट, हार्ड डिस्क मोठी, किंमत आमच्या आवाक्यातली.

"अगं, ती हिशोबाची मशीन हाय! पगारपत्रकं करायचे तिच्यावर. गाण्याची न्हाई ती."

आमच्याकडे जनावर नुसतं बघून घेत नाहीत. दात बघतात, बरगडीला कान लावतात, चार पावलं चालवतात. आबांनी पटका मागे सारला आणि चालू असलेल्या नव्या सेटच्या कुशीला कान लावला.

"हिच्या आत कोन घोरतंय?"

"पंखा हाय आबा, आतला."

मग जुनी पेटी चालू करायला लावून त्यांनी तिलाही कान लावला. बराच वेळ. "ही निवांत हाय. हिच्याम्होरं गाता यील."

गनीशेठ पोट धरून हसले. मला हसू आलं नाही. त्या पंख्याची घरघर माइकमध्ये शिरते आणि मग काही केल्या निघत नाही, हे मला कळायला तीन पुस्तकं लागली होती. आबांना कान पुरला.

"आता चालवून बघू," मी म्हटलं. चांगलं साउंड कार्ड वेगळं घालून घेतलं, गावातून आणलेला भजनी मंडळाचा माइक जोडला, बरोबर आणलेल्या सीडीवरून रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाकलं आणि आबांना म्हणाले, "थोडं म्हना."

इथे चुकले मी. दुसरा कुणी असता तर 'हॅलो, हॅलो' करून मोकळा झाला असता. आबांना तपासणीपुरतं म्हणणं माहीतच नाही. आमच्यात सुंबरान मांडलं, म्हणजे देवाचं नाव घेऊन ओवीला सुरुवात केली, की ती अर्धी टाकत नाहीत. लहानपणापासून बघत आले हे. पण रॅमच्या नादात घरची रीत विसरले.

आबांनी क्षणभर मशीनकडे बघितलं, डोळे मिटले, कानावर हात ठेवला आणि सुंबरान मांडलं. म्हाळूमामांनी झील धरली. तेव्हा सव्वाअकरा वाजले होते.

दहा मिनिटांनी गनीशेठ म्हणाले, "बास, झालं टेस्टिंग." मी मान हलवली, नाही म्हणून. तासाभराने दारात माणसं जमली. स्टेशनातली गाडीची सूचना आत येत होती, आबा तिच्यावरून पुढे जात होते. एक वाजला आणि गनीशेठ भडकले.

"ए बाई, थांबव त्यांना! जेवायला जायचंय मला. दुकान हाय का देऊळ? बंद कर म्हंतो ना!" आणि ते वायर काढायला निघाले.

मी जाऊन बोर्डाला पाठ लावून उभी राहिले. "बटनाला हात लावायचा न्हाई."

"दुकान माझं हाय!"

"दुकान तुमचं, ओवी त्यांची. सपल्याबिगर वायर निघायची न्हाई. बोलवा पोलिसांना, त्ये बी ऐकत बसतील."

 तेवढ्यात आबांना ठसका लागला. आवाज तुटला, छातीत शिट्टी वाजायला लागली. म्हाळूमामांनी झील सोडली नाही. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तीच ओळ धरून ठेवली, आबांची वाट बघत. गनीशेठचा हात तसाच हवेत होता. मग त्यांनी तो खाली घेतला, माठातलं पाणी काढलं आणि ग्लास आबांच्या पुढ्यात ठेवला. आबांनी एक घोट घेतला आणि चौथ्या झिलेला ओवी उचलली.

पावणेदोनला संपली. मी सेव्ह केलं. स्क्रीनवरची पट्टी सरकत सरकत शेवटाला पोचेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मशीन एकदाही अडकली नव्हती.

आबा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मोना, झाली बघ. आता परत न्हाई व्हायची माझ्याच्यानं."

मला रडूच आलं. सुंबरान मांडायला डोळे मिटले, तेव्हाच आबांना हे ठाऊक होतं. मी टेस्टिंग करत होते, ते करत नव्हते.

गनीशेठ खुर्चीवर बसले. "चल, दिली तुला. हे टेस्टिंगचं पुसतो, फॉर्मॅट मारून नवी विंडोज टाकतो. तासाभरात ने." त्यांचा हात माउसवर गेलासुद्धा. प्रत्येक जुनी मशीन ते अशीच द्यायचे.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. "पुसायचं न्हाई."

"मग गॅरंटी न्हाई."

"नको."

"व्हायरस असंल. कंपनीचा कचरा असंल."

"असू द्या. हाय तशी द्या."

गनीशेठनी माउस सोडला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "पण त्यात मी पन हाय ना. आरडाओरडा केला त्यो. तेवढा तरी काढशील?"

काढता आला असता. दोन मिनिटांचं काम. "न्हाई काढनार, गनीशेठ. तुमी आडवं आला आन् ओवी थांबली न्हाई, हे बी ऱ्हाऊ दे त्यात."

त्यांचं तोंड उतरलं. आबा पटका बांधत होते, ते तिथूनच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. ग्लास ठेवल्याचा आवाज बी आसंल की त्यात."

गनीशेठनी मॉनिटर उचलला आणि उपाशीपोटी जीपपर्यंत आणून दिला. म्हाळूमामांनी कीबोर्ड घेतला. पेटी मात्र मी कुणाच्या हातात दिली नाही.