मुळांजवळची माती

श्रावणातल्या कोवळ्या उन्हात काचेची बशी डोळ्यांपाशी धरून उभी असलेली सुलभाताई आठवली, की तिच्या गालांवर तरळणारा फिकट हिरवा उजेड मला आजही दिसतो. त्या बशीत हिरवट झाक सोडणारे जिवाणू वाढत असत आणि ताई त्यांच्याकडे पाळण्यातल्या लेकराकडे पाहावं तशी पाही. माझी ही थोरली बहीण अंबाजोगाईच्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. बोलणं मंद, हालचाल त्याहून मंद, जणू घाईने एखादा अदृश्य जीव दुखावेल.

त्या वर्षी आमच्या गावी, तलवाड्याला, धाकट्या भावाच्या, दत्ताच्या पाणथळ तुकड्यातल्या भातावर करपा उतरला. हिरव्या रेशमावर ठिणग्या पडाव्यात तसे पानापानावर राखाडी डाग. दत्ता फवारणीचा पंप पाठीला लावून निघाला, तेव्हा ताईने त्याला बांधावरच थांबवलं. धडधाकट रोपांच्या मुळांजवळच्या मातीतून तिने काही जिवाणू वेगळे केले होते. त्यांच्यातून पाझरणाऱ्या द्रव्याने करप्याची बुरशी काचेत रोखली होती.

"काचेतलं येगळं, ताई. रान न्हाई ऐकत," दत्ता म्हणाला. "पीक गेलं तर घरात खायाचं काय?"

"खरं हाय तुजं. म्हणून निम्मंच दे. उरल्यात तुजं औषध मार."

ऊन कलल्यावर ती चिखलात उतरे. तिच्या हातातून उडणारे त्या जिवाणूंच्या पाण्याचे तुषार पिवळ्या प्रकाशात क्षणभर तरंगत आणि पानांवर निःशब्द विसावत. आधी डाग थांबेनात. ताई जेवणावरून अर्धपोटी उठू लागली. मग एका ढगाळ सकाळी नवी पानं निर्मळ निघाली. भात निसवून लोंब्या बाहेर आल्या तेव्हा एका कोपऱ्यात करप्याने त्यांच्या माना मोडल्या, पण बाकीचं तिचं रान दाण्यांच्या भाराने झुकलं. एक लोंबी तळहातावर घेऊन दत्ताने तिचे दाणे बोटाने चाचपले.

"पुढल्या साली समदं रान तुज्या हाती," तो म्हणाला. ताई लहान मुलीसारखी हसली.

ते पुढलं साल तिच्या वाट्याला आलं नाही. माघात, साध्या वाटलेल्या तापाने ती गेली.

दत्ता आता पेरणीआधी मूठभर माती उचलतो, हुंगतो, डोळे मिटतो. "हितं कोन कोन ऱ्हातंय, ताईलाच ठाव," असं पुटपुटतो. काळ माणूस नेतो, त्याची पाहण्याची रीत मात्र आपल्या डोळ्यांत सोडून जातो. कुणी नसणं म्हणजे बहुधा हेच, की जे कधी दिसलं नव्हतं ते दिसू लागावं आणि दाखवणारं माणूस शेजारी नसावं.