दीड फर्मा

डोळस माणसाचं एक बरं असतं. खुनाची गोष्ट वाचायची हुक्की आली की तो पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालतो आणि कोपरा धरतो. मला ती सोय नाही. साखरेनं माझे डोळे नेले त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून मला काय वाचायचंय ते मोठ्यानं, चारचौघांत मागावं लागतं. आणि मागितलं की बोलणीही ऐकावी लागतात.

मला वाचून दाखवतात त्या खालच्या मजल्यावरच्या बाई. निवृत्त मुख्याध्यापिका. रोज दुपारी चार ते पाच, फुकट. हे 'फुकट' माझा मुलगा दिवसातून दोनदा उच्चारतो. थोरांची चरित्रं, चिंतनाचे लेख, दुःखी माणसांच्या जाड कादंबऱ्या. तीन वर्षं माझी सुधारणा चालू आहे. मी जन्मभर बाइंडर होतो आणि निम्मा जन्म रहस्यकथा शिवण्यात गेला. सुटे फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या, हाताला लागतील तसे वाचायचो. त्यामुळे कधी गुन्हेगार आधी पकडला जायचा आणि खून जेवणाच्या सुट्टीनंतर व्हायचा. तरी मजा यायची.

"भाऊ, तुमच्यासारख्या समजूतदार माणसानं असला कचरा का ऐकावा?" बाई म्हणायच्या.

अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी महिनाभर धरले. शेवटी सुनेनं रद्दीच्या दुकानातून एक रहस्यकथा आणली आणि सरळ बाईंच्या हातात ठेवली, तेव्हा कुठे मुहूर्त लागला.

बाई ती गोष्ट नापास मुलाचा पेपर वाचावा तशी वाचायच्या. मध्येच अडखळायच्या, घसा खाकरायच्या, आणि तेवढ्यात गोष्ट दोन पावलं पुढे गेलेली असायची. मला वाटलं, वय झालं. गोष्ट मात्र झकास होती. घड्याळांच्या दुकानाचा मालक दुकानातच मारला जातो, दिवे गेलेले असताना, मिट्ट काळोखात. दुकान जमिनीपासून छतापर्यंत घड्याळांनी भरलेलं, आणि सकाळी बघतात तर एकही घड्याळ पडलेलं नाही, हललेलंसुद्धा नाही.

"अहो, पण मारणारा काळोखात आत शिरला कसा? कशाला धक्का कसा लागला नाही?" मी विचारलं.

"म्हणून तर म्हणते मी. या गोष्टींना ना शेंडा ना बुडखा. लेखकालाच ठाऊक नसतं."

खरं सांगायचं तर मलाही लाज वाटली. इतकी वर्षं आपण हेच पोकळ वाचत होतो की काय, असं मनात येऊन गेलं. शंका तर ढीगभर होत्या. दुकानाची किल्ली कोणाकडे होती? मालक मंगळवारी कोणाची वाट बघत होता? कशाचाच पत्ता नव्हता.

नवव्या दिवशी पुतण्यानं गुन्हा कबूल केला. काकाच्या फोटोपुढे रडला आणि उरलेलं आयुष्य त्यानं समाजसेवेला वाहिलं.

"संपलं," बाई म्हणाल्या. पुस्तक टेबलावर उघडंच पालथं ठेवून त्या पाणी प्यायला आत गेल्या.

समाजसेवा? रहस्यकथेत? मी पुस्तक उचललं. डोळे गेले, अंगठा शाबूत आहे. उजवीकडची पानं चिमटीत धरली. बाई थांबल्या होत्या त्या पानाच्या मुळाशीच बोटाला शिलाईचा दोरा लागला, म्हणजे एका फर्म्याचा मध्य. त्याच्या पुढे अर्धा फर्मा, आणि आणखी एक अख्खा शिल्लक. सोळा आणि आठ, चोवीस पानं.

"बाई, अजून दीड फर्मा बाकी आहे."

"जाहिराती आहेत त्या. दुसऱ्या पुस्तकांच्या."

"चोवीस पानं जाहिराती? मी असली पुस्तकं हजारांनी शिवलीत. चाराच्या वर जाहिराती कधी पाहिल्या नाहीत."

"पाच वाजले," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गोष्ट आवडली नाही तर नावं ठेवा, पण माझ्या वाट्याची पानं गिळायची?

सून दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर असते. दिवसभर लोकांचं ऐकून थकून येते, पण त्या दिवशी मी तिला चप्पल काढायलाही सवड दिली नाही. तिनं उभ्यानंच पुस्तक उघडलं. चार ओळी वाचल्या आणि थांबली.

"बाबा, हा आंधळा कोण?"

"कुठला आंधळा?"

"खून करणारा. हे काय, सगळं तोच सांगतोय." तिनं मागची पानं चाळली. "अहो, हा तर सातव्या पानापासून आहे! दर मंगळवारी घड्याळांना चावी द्यायला येतो. दुकानाची किल्लीही त्याच्याकडेच आहे. काळोखात चालायची सवय असलेला तोच एकटा. तुम्हाला बाईंनी सांगितलं नाही?"

नऊ दिवस बाईंनी एक अख्खा माणूस पुस्तकातून वेचून काढला होता, आणि पुतण्याची ती समाजसेवा पदरची जोडली होती. भोकं त्यांनी पाडली आणि नावं लेखकाला ठेवली. वर मला त्याची लाज वाटायला लावली!

मी सुनेला तिथंच थांबवलं. आता ऐकायचं तर ते त्यांच्याच तोंडून.

दुसऱ्या दिवशी चारला बाई आल्या. मी पुस्तक पुढे केलं. "तो आंधळा कुठे गेला, बाई?"

त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला लागलं असतं, भाऊ. आंधळा, आणि खुनी. तुमच्यासमोर बसून मी ते कसं वाचणार होते?"

तिरस्कारानं गाळलं असतं तर भांडायला सोपं होतं. ही तर दया निघाली. दयेशी कसं भांडायचं, हे मला चार वर्षांत जमलेलं नाही.

"तुमच्या चांगल्या पुस्तकांत काय आंधळे नव्हते?" मी म्हणालो. "एक गाणी म्हणायचा. एक आशीर्वाद द्यायचा. एक सगळ्यांना क्षमा करून मेला. ते बरे तुम्ही पानं न गाळता वाचलेत! जन्मात पहिल्यांदा एक आंधळा काहीतरी करून दाखवतो, अख्ख्या पोलीस खात्याला फिरवतो, आणि नेमका तोच तुम्ही लपवलात?"

"पण तो वाईट आहे, भाऊ."

"असू दे की वाईट! परवा आमच्याकडे डब्यातली बिस्किटं संपली. मुलानं बायकोला विचारलं, शेजारच्या मांजरावर आळ घेतला. मी समोर बसलो होतो, मला कोणी विचारलं नाही. मीच खाल्ली होती, बाई. मला मनाई आहे, तरी मीच खाल्ली. चार वर्षांत या घरात माझा साधा संशयसुद्धा कोणाला आलेला नाही."

माझा आवाज चढला होता, आणि फाटलाही होता. लपवण्यात अर्थ नव्हता.

बाईंनी खुर्ची ओढली. त्यांच्या चष्म्याचं घर उघडल्याचा आवाज आला.

"पहिल्यापासून वाचायचं?"

"पहिल्यापासून. आणि त्याचं बोलणं आलं की आवाज बारीक करू नका."