बीजाची शिकवणी

मोठ्या बहिणीला धाकटीची स्त्रीबीजं हवी होती, फक्त ती धाकटीची नसती तर बरं झालं असतं. धाकटी शहरात बस चालवायची, दहावीला गटांगळ्या खाल्लेली. मोठीचे यजमान शिकवणीवर्गाचे मालक. मोठीची बीजं संपत आली असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा कुठे नवराबायकोला धाकटीच्या घरचा रस्ता आठवला. धाकटी लगेच हो म्हणाली. ताईने एकदा मायेने जवळ घ्यावं, एवढ्यासाठी ती लहानपणापासून झुरत होती.

पोटात इंजेक्शनं सुरू झाली तसा जिजाजींचा उपद्व्यापही सुरू झाला. या महिन्यात जे खाल्लं आणि वाचलं जाईल त्याचंच बीज बनतं, अशी त्यांची ठाम समजूत. शिकवणी घेऊन घेऊन माणसाची शिकण्याची सवयच मोडली होती. त्यांनी मेहुणीला अक्रोड दिले, गणिताचे व्हिडिओ पाठवले, डेपोतल्या शिव्या कानावर पडू नयेत म्हणून रजा काढायला लावली. संध्याकाळी फोन करून पाढे म्हणून घ्यायचे. धाकटी ताईसाठी तेही मुकाट्याने म्हणायची आणि तिकडे नवऱ्याशेजारी बसलेली ताई चुका काढायची.

एका तपासणीला जिजाजींनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, बीज तल्लख व्हावं म्हणून हिच्याकडून अजून काय वाचून घेऊ. बाईंनी चष्मा काढला.

"हिची सगळी बीजं ही स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार झालीत. नवीन होत नाहीत. वयात आल्यावर दर महिन्याला काही वाढू लागतात, त्यातलं बहुधा एकच पिकतं, बाकीची विरून जातात. आमची औषधं त्या विरणाऱ्यांना वाढवतात, एवढंच. पाढ्यांचा इथे काही संबंध नाही."

जिजाजींचं तोंड बघण्यासारखं झालं. मोठीने मात्र कपाळाला आठ्या घातल्या, म्हणजे आता यात सुधारणा नाहीच. आपलीही बीजं त्याच आईच्या पोटात तयार झाली होती, हे काही तिच्या डोक्यात शिरलं नाही.

बीजं पिकवणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनचा दिवस आला. सिस्टर तयारी करत होती, डॉक्टरीणबाई बाजूला कागद तपासत होत्या. मोठीने तेवढ्यात घसा खाकरला.

"मूल झालं की काही वर्षं तू आमच्याकडे येऊ नकोस. तुझं बोलणं-वागणं त्याच्यासमोर नको."

"माझं बीज चालतं ना, ताई? मग मी का चालत नाही?"

धाकटीने डॉक्टरीणबाईंना विचारलं, हे इंजेक्शन घेतलं नाही तर काय होईल. बीजं अर्धवट राहतील, काढता येणार नाहीत, शरीरातच विरतील, त्या म्हणाल्या; निर्णय तुमचा.

ताई झटकन पुढे आली आणि तिने धाकटीला घट्ट कवेत घेतलं. वेडी गं माझी, म्हणाली. धाकटीचे डोळे भरून आले, तिने ताईच्या खांद्यावर मान टाकली. समोर औषधांच्या कपाटाला काच होती. काचेत तिला दिसलं, तिच्या पाठीमागे ताईचा हात सिस्टरला खुणावत होता, हं, आता पटकन उरकून घ्या.

धाकटीने ताईचे हात अंगावरून काढले.

"सिस्टर, ते ठेवून द्या," ती म्हणाली.