गाडी मोठी आहे ना!

घड्याळवाले गेले होते घड्याळ दुरुस्त करायला आणि घरी आले गाडी घेऊन.

त्याचं झालं असं. एका कंपनीचे बडे साहेब निवृत्त झाले होते. त्यांच्या लांबलचक काळ्या गाडीत, समोरच्या फळीवर मधोमध, एक गोल काट्यांचं घड्याळ होतं. ते बंद पडलेलं. घड्याळवाल्यांनी डोळ्याला भिंग लावलं, चिमटा हातात घेतला आणि तासाभरात काटे चालते केले. मग ते त्या मऊ खुर्चीत मागे टेकले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. बाहेरचा रस्ता, भोंगे, साहेबांचा कुत्रा, सगळं एकदम गप्प. ऐकू येत होती ती फक्त काट्याची बारीक टिकटिक.

साहेब म्हणाले, "गाडी बारा वर्षांची आहे, स्वस्तात देतो. जपणाऱ्या हातात जावी एवढीच इच्छा."

झालं. घड्याळवाले विरघळले.

"अख्खी गाडी घेतलीत? एका घड्याळासाठी?" बायकोनं विचारलं.

"अगं, घड्याळ फार चांगलं आहे."

"मग घड्याळ तेवढं काढून आणायचं!"

दारात हत्ती झुलू लागला, पण हत्तीबरोबर त्याचं पोटही दारात आलं. एक लिटर पेट्रोल पिऊन गाडी जेमतेम सात किलोमीटर जायची. पुढचा एक दिवा गेला, तर नव्या दिव्याची किंमत ऐकून घड्याळवाले गॅरेजातल्या स्टुलावर बसले. "साहेब, गाडी मोठी आहे ना!" मेकॅनिक म्हणाला. टायरवाला तेच म्हणाला. विम्यावाला तेच म्हणाला. गाडी धुणाऱ्यानंसुद्धा दुप्पट पैसे मागितले आणि वर, "गाडी मोठी आहे ना!" एवढंच काय, भाजीवाल्यानं त्यांना गाडीतून उतरताना पाहिलं आणि त्या दिवसापासून घासाघीस बंद केली.

त्यातच पेट्रोलचे भाव चढले. एकदा चढले, पुन्हा चढले, मग खाली यायची वाट विसरले. घड्याळवाले सायकलवर दुकानात जाऊ लागले आणि गाडी घराच्या मागच्या अंगणात आच्छादनाखाली उभी राहिली. आठवड्यातून एकदा ते आच्छादन उचलून आत जायचे आणि घड्याळ मिनिटाला मिनिट जुळवून यायचे. चुकीचं घड्याळ त्यांना सहन होत नसे. "चुकीची वेळ दाखवणारं घड्याळ म्हणजे चारचौघांत खोटं बोलणारा माणूस," असं ते दर गिऱ्हाइकाला सांगत.

पण उभ्या गाडीचाही विमा भरावा लागतो, बॅटरी बसते, टायर चपटे होतात. एका संध्याकाळी जेवताना बायकोनं निर्णय सांगून टाकला.

"येत्या रविवारी गाडी गेली पाहिजे. मी दिवसभर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसते. घरी आले की मला आणखी एक तक्रार दारात नको."

"बरोबर आहे," आजोबा, म्हणजे घड्याळवाल्यांचे वडील, म्हणाले. "न चालणारी गाडी आणि न चावणारे दात, दोन्ही काढलेले बरे."

"माझ्या मैत्रिणी विचारतात, तुमची गाडी पुतळा आहे का?" तेरा वर्षांच्या ठमीनं भर घातली.

घड्याळवाल्यांनी मान खाली घालून घास गिळला. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या भारी वस्तू उघडल्या, पुसल्या, परत दिल्या होत्या. परत न देण्याची ही पहिलीच.

दुसऱ्या दिवशी घड्याळ जुळवायला ते गाडीत शिरले आणि थबकले. केसाएवढं चाक निम्म्या केसानं सरकलं तरी ओळखणारी ती नजर. पुढच्या खुर्चीची पाठ चार बोटं जास्त कललेली होती. उशीच्या कडेला बायकोच्या डोक्याच्या तेलाचा वास होता. आरसा खाली वळवलेला होता, बरोबर ठमीच्या उंचीला. आणि मागच्या सीटच्या फटीत बिस्किटांचा चुरा! घरात बिस्किटं बंद होती. आजोबांची साखर वाढल्यापासून डॉक्टरांनी डोळे वटारून सांगितलं होतं.

मग घड्याळवाल्यांनी तीन दिवस दुकानातून लवकर घर गाठलं आणि न्हाणीघराच्या खिडकीला डोळा लावला.

चार वाजता आजोबा सदऱ्याच्या खिशावर हात दाबून आले, इकडे तिकडे बघून, आच्छादन मागे सारून मागच्या सीटवर शिरले आणि वीस मिनिटांनी मिशा पुसत बाहेर पडले. पाच वाजता ठमी. ती आरशात बघून हातवारे करत कुणाला तरी झाडत होती. तिच्या वर्गातली भांडणं ती आदल्या दिवशी इथे जिंकून ठेवत होती, हे घड्याळवाल्यांना ओठांच्या हालचालीवरून कळलं. सहा वाजता बायको. कचेरीतून आली, घरातही न शिरता मागच्या दाराबाहेरच्या खिळ्यावरची किल्ली काढली, खुर्ची मागे पाडली आणि डोळे मिटून नुसती पडून राहिली. शेजारच्या लोखंडी दारांच्या कारखान्यात पत्रा कापणं चालू होतं. घराच्या खिडक्या थरथरत होत्या. गाडीतल्या तिच्या कपाळावरची एकेक आठी मात्र उलगडत होती.

एखाद्यानं तिघांना रंगेहाथ पकडलं असतं. घड्याळवाले तसले नव्हते. घड्याळ आपटून चालू करू नये, हे ते शिकाऊ पोरांना नेहमी सांगायचे.

त्या दिवशी जेवताना ते अगदी आज्ञाधारकपणे म्हणाले, "गाडीला गिऱ्हाईक मिळालं बरं का. चौकातले बेकरीवाले. रविवारी सकाळी दहाला येतात."

तिघांचेही हात ताटात थांबले.

"एवढी घाई काय होती?" आजोबा म्हणाले.

"रविवार ठरला होता ना, बाबा?"

"कुठला रविवार ते कुठे ठरलं होतं!"

"ते ठरलंच होतं," बायको म्हणाली, पण तिचा आवाज तक्रारींच्या खिडकीवरचा नव्हता. ती ताटात भाताची वाटोळी रांग लावत बसली.

घड्याळवाल्यांना मनातून गुदगुल्या होत होत्या. बेकरीवाल्यांना त्यांनी पुरतं ओळखून बोलावलं होतं. तो माणूस दमडी सुटू देणारा नव्हता. पाच मिनिटं बघेल, नाकं मुरडेल, निघून जाईल. तेवढ्यात घरच्यांचं तोंड उघडेल. हिशेब चोख होता.

रविवारी दहाच्या ठोक्याला बेकरीवाले आले. पहाटे तीनपासून भट्टीपुढे उभा राहिलेला तो माणूस, भुवयांवर अजून पीठ. त्यांनी टायरला लाथ मारली, रंगावर ओरखडे मोजले, नाक मुरडलं. सगळं ठरल्याप्रमाणे. मग म्हणाले, "आत बसून बघतो जरा," आणि मागच्या सीटवर बसून त्यांनी दार ओढून घेतलं.

एक मिनिट गेलं. पाच गेली. दहा गेली. घड्याळवाल्यांनी काचेतून डोकावलं. बेकरीवाले तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते.

अर्ध्या तासानं दार उघडलं. बेकरीवाल्यांचे डोळे नुकत्याच अंघोळ घातलेल्या बाळासारखे दिसत होते. "घड्याळवाले," ते भारावून म्हणाले, "वीस वर्षांत असा झोपलो नाही. बोला, किती?"

घड्याळवाल्यांनी घाबरून वाटेल तो आकडा सांगितला.

"दिले!" बेकरीवाल्यांनी खिशात हात घातला.

आता आली पंचाईत! स्वतःच लावलेल्या सापळ्यात स्वतःचीच शेपटी! दिलेला शब्द फिरवता येईना. घड्याळवाल्यांनी वडिलांकडे बघितलं. आजोबा आभाळाकडे बघत होते. ठमी नखं खात होती. बेकरीवाले थुंकी लावून नोटा मोजू लागले.

"थांबा!"

बायको पायरीवरून खाली आली. पदर खोचलेला.

"घ्यायची तर घ्या, पण नंतर माझ्या खिडकीवर तक्रार घेऊन येऊ नका. लिटरला सात किलोमीटर जाते."

"सात?" बेकरीवाल्यांचा अंगठा थांबला.

"उतारावर. चढावर पाच. एका दिव्याला जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात घराला रंग लागतो. का, तर गाडी मोठी आहे ना!"

"आणि विमा!" आजोबांना कंठ फुटला. "माझ्या जिवाचा नसेल एवढा तिचा आहे."

"आणि काका, लोक हसतात," ठमी म्हणाली. "पावाचे भाव वाढवलेत की म्हणतील, बघा, गाडीचे पैसे आपल्याकडून काढतात."

हा घाव वर्मी बसला. बेकरीवाल्यांनी नोटांची घडी घातली. "अहो वहिनी, एवढी वाईट आहे तर तुम्ही ठेवलीत कशाला?"

"आमच्या ह्यांना घड्याळाचं वेड आहे," बायको म्हणाली. "माणसाच्या हौसेला नाही म्हणू नये."

बेकरीवाले एकवार सीटकडे आशेनं बघून निघून गेले. अंगणात चौघं उरले आणि कुणी कुणाकडे बघेना.

"म्हणजे गाडी ठेवायची?" घड्याळवाल्यांनी निरागसपणे विचारलं. "पण खर्च?"

खर्चाची वाट लगेच निघाली. बायकोनं विमा उचलला. आजोबा म्हणाले, पेन्शनीतून बॅटरी माझी. ठमीनं दर रविवारी गाडी धुवायचं कबूल केलं. मग बायकोनं, कचेरीच्या शिस्तीप्रमाणे, वेळापत्रक लिहून गाडीच्या किल्लीजवळ टांगलं. चार ते पाच आजोबा. पाच ते सहा ठमी. सहा ते सात ती स्वतः. रोजचे नियम दोन: गाडीत फोन न्यायचा नाही, आणि गाडीतल्या घड्याळात वेळ भरली की बाहेर. बिस्किटांचा विषय कुणी काढला नाही, मात्र आजोबांच्या वेळेपुढे तिनं कंसात 'दोनच' असं लिहिलं होतं.

घड्याळवाल्यांनी वेळापत्रक वरून खाली वाचलं, मग खालून वर वाचलं.

"अगं, माझी वेळ कुठली?"

"तुम्ही रविवारी चालवा ना अर्धा तास. टायर चपटे होतील नाहीतर." वर म्हणाली, "आणि घड्याळ जुळवायचं काम आहेच तुमच्याकडे."

दुसऱ्या दिवशी घड्याळवाले घड्याळ जुळवायला आत शिरले. किती तरी वेळ त्या गोल तबकडीकडे बघत राहिले. मग त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. मोठा काटा बोटाच्या टोकानं पाच मिनिटं पुढे ढकलला.

तेव्हापासून घरात सगळं सुरळीत आहे. घड्याळवालेही हल्ली दुकान लवकर बंद करून घरी येतात. प्रत्येकजण घरातल्या घड्याळाप्रमाणे गाडीत शिरतो, आज पुन्हा पाच मिनिटं उशीर झाला म्हणून चुकचुकतो, आणि गाडीतल्या घड्याळाप्रमाणे वेळेवर बाहेर पडतो. एक आत गेल्यापासून दुसरा येईपर्यंत पुरता तास असतो. त्यातली शेवटची पाच मिनिटं, दिवसातून तीनदा, गाडी रिकामी असते.

म्हणजे, तसं सगळ्यांना वाटतं.

गेल्या गुरुवारी ठमी बाहेर पडली आणि केसांची पिन विसरली म्हणून परत वळली. पुढच्या खुर्चीत बाबा डोळे मिटून बसले होते. तिनं तबकडीकडे बघितलं, मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणाऱ्या घड्याळाकडे. ती घड्याळवाल्याचीच मुलगी. तिनं हळूच काच वाजवली.

बाबांनी दचकून डोळे उघडले आणि ओठांवर बोट ठेवलं.

ठमीनं एक हात पुढे केला आणि पाचही बोटं पसरून दाखवली. मग मूठ मिटून फक्त दोनच बोटं उंच धरली, स्वतःकडे खूण केली आणि भुवया उडवल्या.

घड्याळवाल्यांनी क्षणभर विचार केला. सुस्कारा टाकला, पलीकडचं दार उघडलं आणि तिला आत घेतलं.